कुलपाची कविता

श्री
ता. ४ जानेवारी

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

पार्सल काल दुपारी पोचलं. आलेल्या वस्तू अशा: लोकरीचे पायमोजे दोन जोड, गुडघ्याच्या मलमाच्या तीन नळ्या, माझ्या कानाच्या यंत्राचे सेल सहा, ह्यांच्यासाठी मऊ उशी एक, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक. टपालाला एकशे दहा पडले हे तिकिटांवरून दिसलं. त्यातले निदान तीस त्या पुस्तकाच्या वजनाचे. ते घातलं नसतंस तर तेवढ्यात आणखी एक नळी आली असती.

पुस्तक कुणाचं हे सोडून बघितलं नाही. बघायची गरजही नाही, एवढ्या वर्षांत तू दुसऱ्या कुणाचं पाठवलेलं नाहीस. परत पाठवणार होते, पण पुन्हा टपालखर्च कशाला, म्हणून कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या चादरींखाली ठेवलंय. डांबराच्या गोळ्या आहेत, कसर लागायची नाही.

ह्यांचं तसंच आहे. मांडीचं हाड सांधलं असं डॉक्टर म्हणतात, पण पाय जमिनीला टेकवा म्हटलं की तोंड एवढंसं होतं. कारखान्यात चाळीस वर्षं उभ्यानं काम केलेला माणूस, पडून राहायचं काम त्याला जमत नाही. पाणी द्या, खिडकी लावा, खिडकी उघडा, दिवसभर चालू असतं. मला ऐकू येत नाही हे विसरतात आणि मग पितळी भांडं आपटतात. ते मात्र ऐकू येतं.

तुझा फोन शेजारणीकडे आला होता असं ती म्हणाली. पण मला फोनवर बोलवू नकोस. यंत्र लावूनही त्यातलं निम्मंच कळतं, उरलेलं निम्मं मी मनानं भरते, आणि मग घोटाळे होतात. तुमच्याकडे तर घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला आवाजच नाही. एकाला बोलता येत नाही, एकीला ऐकू येत नाही, आमच्या आईनं दोन मुलं वाढवली ती अशी. पत्रच बरं.

कवींची तब्येत कशी आहे? तू दर वेळी ‘ठीक’ एवढंच लिहितेस. इतकी वर्षं रुग्णालयात नोकरी केलेल्या बाईचं ‘ठीक’ म्हणजे किती पाणी घातलेलं असतं ते मला कळतं. नऊ वर्षं आमचं बहीणभावाचं बोलणं नाही, तरी विचारतेय. विचारलं हे त्याला सांगू नकोस.

तुझ्यावर लोभ आहे तो आहेच. आमच्या भांडणाचा शिंतोडा तुझ्यावर उडू नये, एवढीच देवापाशी मागणी.

तुझी,
ताई


ता. ९ जानेवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पुस्तकाच्या तीस रुपयांबद्दल क्षमा असावी, पुढच्या वेळी मलमच पाठवीन. भावोजींना सांगा, भांडं आपटण्यापेक्षा घंटी बांधून घ्या, भांड्याला पोचे येतात.

इकडचं लिहिते. ह्यांनी आता पाटी घेतली आहे. आवाज गेला तरी बडबड गेली नाही, दिवसाला दोन खडू लागतात. सकाळी चहा पुढे ठेवला तर पाटीवर येतं, ‘साखर कमी, प्रेम कमी, नक्की काय कमी?’ मी पुसून टाकते. वजन उतरतंय. एकतीस वर्षं वजनमापाच्या कचेरीत दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात गेली, आणि आता दवाखान्यातल्या काट्यावर उभं राहायचं म्हटलं की काटा सदोष आहे असं लिहून दाखवतात.

आता मुद्द्याचं. प्रकाशक गेल्या आठवड्यात येऊन गेले. पाचही संग्रहांचं मिळून एक मोठं पुस्तक काढायचं आहे, सगळ्या कविता एकत्र. फेब्रुवारीत छापायला द्यायचं म्हणतात. इतकी घाई कशाची हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मुद्रितं रोज येतात, हे उशीला टेकून तपासतात, आणि मी शेजारी बसून पानं क्रमानं लावते.

परवा त्यांनी ती एक कविता पुरी काढून टाकली. तुम्ही जाणता कोणती. प्रकाशक डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, पाठ्यपुस्तकात हीच आहे, दुसऱ्या भाषांत गेली ती हीच, बक्षीस मिळालं ते हिच्यामुळे, हिच्याशिवाय पुस्तक म्हणजे नाक नसलेलं तोंड. ह्यांनी पाटीवर लिहिलं, ‘ती कविता माझी नाही. मालकिणीला विचारा.’ प्रकाशकांना वाटलं मालकीण म्हणजे मी. माझ्याकडे वळून हात जोडायला लागले.

म्हणून विचारते. कविता ठेवू द्यावी की नाही? तुम्ही हो म्हणालात तर ठेवतील. नाही म्हणालात तर पुन्हा विषय काढणार नाहीत, तसं त्यांनी मला लिहून दिलं आहे. एका शब्दात कळवलंत तरी पुरे.

आपल्या लोभाच्या उबेला आम्ही दोघंही आहोत, एकटी मी नाही, एवढं ध्यानात असावं.

आपली,
वहिनी


श्री
ता. १५ जानेवारी

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

उत्तर एका शब्दाचं आहे. नाही. पण पाकिटाला पैसे तेवढेच लागतात, तर कारणही लिहिते.

हा अकरा वर्षांचा असताना वाण्याच्या कागदी पिशवीवर त्यानं पहिली कविता केली. अक्षर म्हणजे मुंगळे चाललेले. ती मी चांगल्या कागदावर उतरवून मुलांच्या मासिकाला पाठवली. संपादकांचं कार्ड आलं: कविता बरी आहे, अक्षर उत्तम आहे. त्या कार्डावरून आम्ही महिनाभर भांडलो, कौतुक कुणाचं झालं म्हणून. पुढे मी मॅट्रिक झाले, लग्न होऊन इकडे आले, तरी दर महिन्याला त्याच्या कवितांचा जुडगा यायचा आणि मी स्वच्छ प्रत करून परत पाठवायची. सगळ्या मला कळत असत असं नाही. देवाच्या पोथीतलं तरी सगळं कुठं कळतं.

पहिलं पुस्तक त्यानं पदरमोड करून काढलं. तीनशे प्रती, त्यातल्या दोनशे घरी खाटेखाली. चौदा मी खपवल्या. एक दूधवाल्याला दिली, तो बिचारा अक्षरशत्रू, पण नाही म्हणाला नाही. मी त्याच्या कवितेचा एवढा अभिमान धरला, वहिनी, तो का सांगते, तर पुढचं किती लागलं असेल ते तुला कळावं म्हणून.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. डोकं पार गेलं होतं. घर विसरली, वडील गेलेले विसरली, उठून रस्त्यावर चालायला लागायची. हे कामावर, मुलं आपापल्या गावी. बाजार, रेशन, औषध, मला बाहेर पडावंच लागे. मी तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावत असे. हे मी कुणाला सांगितलं नाही. फक्त त्याला एका पत्रात लिहिलं, कारण ते पोटात ठेवून मला जेवण जात नव्हतं. वर लिहिलं होतं, वाचून फाडून टाक.

आई गेली आणि वर्षाभरात त्याची कविता छापून आली. एकदा दाराला कुलूप बघून गेलेल्या आमच्या जाऊबाईंनी सगळी मंडळी जमलेली असताना मला हाक मारून सांगितलं की अगं, तुझ्या कुलपावर तुझ्या भावानं कविता केली, आता सगळ्या जगाला कळलं तू आईला कशी ठेवलीस ते. मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि घरी आले. ती कविता मी वाचलेली नाही. वाचणारही नाही. आपला फोटो चौकात लावलेला असला तर तो बघायला कोण जातं?

म्हणून नाही. काढली आहे ती बरी काढली.

तब्येतीचं तू याही खेपेला लिहिलं नाहीस. लोभात खंड नको, आणि खरं लिहिण्यातही नको.

तुझी,
ताई


ता. २१ जानेवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमचा ‘नाही’ त्यांना दाखवला. त्यांनी मान हलवली, पानाचा क्रम बदलला, अनुक्रमणिकेतून नाव स्वतःच्या हातानं काढलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. दुपारी जेवले मात्र नाहीत. प्रकाशक रुसून गेले आहेत.

मी तुमच्या दोघांच्या मध्ये पडायचं नाही असं लग्न झालं तेव्हाच ठरवलं होतं, कारण तुम्ही दोघं एकमेकांना बोलता आणि तिसऱ्याला लागतं. पण आज नियम मोडते. ती कविता तुम्ही वाचलेलीच नाही, हे मला तुमच्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. नऊ वर्षं मी समजत होते की वाचून रागावलात. स्वयंपाकघरात जाऊन आधी हसले, मग ओट्याला धरून उभी राहिले.

त्या कवितेत बहीण कुठंच नाही. यापुढे मी काही सांगणार नाही. पुस्तक तुमच्या खालच्या कप्प्यात आहे. चादरी बाजूला करायला पैसे पडत नाहीत.

एक मात्र सांगते, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बक्षिसानंतर एका मोठ्या सभेत त्यांनी ती कविता वाचली. तेव्हा आवाज होता. एक वयस्क बाई उठल्या आणि म्हणाल्या की ज्यानं आईला असं ठेवलं त्याच्या तोंडून मला आणखी कविता ऐकायच्या नाहीत. आणि निघून गेल्या. ह्यांनी ध्वनिक्षेपकावर ‘बरोबर आहे’ एवढंच म्हटलं आणि खाली बसले. त्यानंतर एका प्राध्यापकांनी लेख लिहिला, तोही त्याच सुरात. मी किती वेळा म्हटलं, खरं काय ते सांगा. त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता तब्येत. तुम्ही खरं मागितलं आहे. आजार फुप्फुसात उतरला आहे. मी क्ष-किरणांची चित्रं पाहिली आहेत, मला वाचता येतात. डॉक्टर आता महिन्यांत नाही, आठवड्यांत बोलतात. त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आम्ही दोघं एकमेकांना ठीक म्हणतो. तुम्हांला मी लिहिलं हे त्यांना ठाऊक नाही.

लोभाला आता फार दम धरवत नाही, वन्सं. तो लवकर इकडे वळावा.

आपली,
वहिनी


श्री
ता. २७ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

हे मायन्याचे शब्द लिहायला मला नऊ वर्षं लागली, आणि पुढचं त्याहून अवघड आहे. म्हणून आधी घरचं लिहिते. ह्यांची तब्येत पूर्वीसारखीच. काल काठी धरून दोन पावलं टाकली आणि अशी ऐट की जणू डोंगर चढून आले.

मी कविता वाचली. चष्मा पुसून दोनदा वाचली. मग जुन्या सवयीनं एका पाठकोऱ्या कागदावर उतरवूनही काढली, कारण मी उतरवून काढल्याशिवाय तुझी कविता मला कधी कळलेली नाही.

‘किल्ली खिशात होती
आणि आई घरात.
दोहोंचं वजन मी
रस्ताभर तोलत होतो.’

कुलूप लावणारा मुलगा आहे. आईला सोडून जाणारा मुलगा आहे. जगानं शिव्या घातल्या त्या तुला घातल्या. मी रोज देवापुढे घरातल्या सगळ्यांची नावं घेते, नऊ वर्षांत तुझं नाव कधी गाळलं नाही, पण सगळ्यांत शेवटी घ्यायची, तुला जरा कळावं म्हणून. आता देव मला काय म्हणत असेल.

पण राग गेला असं समजू नकोस. जुना गेला, नवा आलाय. कुलूप माझं होतं. ते तुला कुणी दिलं? दोन वर्षं मी तिचं न्हाणंधुणं केलं, तिनं ओरबाडलेलं सोसलं, तिच्या मागून रस्त्यावर धावले. तू महिन्याला पैसे पाठवलेस आणि सहा महिन्यांनी येऊन तिच्याजवळ बसून रडून गेलास. तिच्या सगळ्यातलं माझ्याकडे जे उरलं ते एक पाप होतं, आणि तेही तू आपल्या अंगावर चढवून मिरवलंस. असं कुणी करतं का रे?

आणि ते पापही तू अर्धंच घेतलंस, कारण मी तुला अर्धंच लिहिलं होतं. कवितेतला मुलगा औषध आणायला जातो. मी तसंच लिहिलं होतं. ते खोटं होतं. औषध दहा मिनिटांत मिळालं. नंतर मी तळ्याकाठच्या बाकावर बसले. एक संत्रं घेतलं आणि सोलून एकटीनं सगळं खाल्लं. तिथून उठावंसं वाटेना. घरी आई कोंडलेली आहे हे ठाऊक असून मी पाण्याकडे बघत दोन तास बसले, आणि मला बरं वाटत होतं. देवाला हे सांगितलंय. माणसाला आज पहिल्यांदा सांगते.

शेवटी तू लिहिलंस की मुलगा परत येतो तेव्हा आई आतून दार वाजवत असते, ‘पाहुण्यानं वाजवावं तसं.’ ओळ चांगली आहे. पण आई दार वाजवत नव्हती. ते राहू दे.

मला तुझ्याकडे यायचं आहे आणि येता येत नाही. ह्यांना एकटं ठेवायचं तर दार ओढून घ्यावं लागेल. ते माझ्यानं पुन्हा होणार नाही. थोरला मुलगा सुटी काढायचं बघतोय, त्याला फेब्रुवारीअखेर जमेल म्हणतो.

जेवत जा. वहिनीला छळू नकोस. माझ्या लोभाची तुझ्याकडे नऊ वर्षांची थकबाकी आहे, ती तशीच वाढू दे, मी घ्यायला येईन.

तुझी,
ताई


ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेन्सिलीनं लिहितोय, पेन जड होतं. अक्षर अजून मुंगळ्यांचंच आहे, आणि आता मुंगळेही म्हातारे झालेत. प्रत करायला तू हवी होतीस.

तुझं पत्र बायकोनं वाचून दाखवलं, मग मी मागून घेतलं, मग उशीखाली ठेवलं. तू रागावलीस त्यातलं एकही अक्षर खोटं नाही. ‘मिरवलंस’ हा शब्द तर असा बसलाय की मी त्यावर पाटीभर विचार केला.

तेव्हाचं सांगतो. तुझं ते पत्र मी सांगितल्याप्रमाणे फाडलं. पण फाडेपर्यंत ते पाठ झालं होतं. कविता आली ती तिथूनच. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मला ती हवी होती. ही चोरी. चोरीच्या मालावर मालकाचं नाव ठेवत नाहीत, म्हणून तुला काढून मी आलो. त्यात मोठेपणा नाही. थोडं असंही होतं की दोन वर्षं ज्या घरात मी नव्हतो, तिथं निदान कवितेत तरी असावं. कुलूप लावणारा म्हणून का होईना.

तू वाचून गप्प बसलीस असं मी समजत होतो. मग मीही गप्प बसलो. आपल्या घरात गप्प बसणं हेच मोठं बोलणं मानतात, बाबांपासून.

दार वाजवणं माझंच आहे. तुझं पत्र कुलपापाशी संपत होतं. परत आल्यावर काय झालं ते तू लिहिलंच नव्हतंस, आणि कवितेला शेवट हवा होता, म्हणून मी घातला. एकतीस वर्षं मी दुकानदारांना याच गोष्टीसाठी धरलं. माल कमी पडला की पारड्यावर अंगठा ठेवतात, हलकासा, गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्या तीन ओळी म्हणजे माझा अंगठा. लोकांना त्याच सगळ्यांत आवडतात.

तू लिहिलंस, ‘आई दार वाजवत नव्हती. ते राहू दे.’ ताई, ते राहू देऊ नकोस. मी त्या तीन ओळी काढल्या आहेत. पुढे जागा कोरी ठेवली आहे. दार उघडल्यावर काय झालं? कविता पुस्तकात जावी की नाही हे तू सांगशील तसं. पण छापली नाही तरी मला ते कळायला हवं. माझीही आई होती.

मुद्रितं चौदा तारखेला जायची आहेत.

लोभ घ्यायला येईन म्हणालीस, तर त्याआधी मी एवढंच मागतो.

तुझा,
धाकटा


ता. ७ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

चार ओळी घाईनं. परवापासून पाटी धरवत नाही. खडू बोटांतून निसटतो, मी उचलून देते, पुन्हा निसटतो. तिसऱ्यांदा त्यांनी डोळ्यांनीच राहू दे म्हटलं. प्राणवायूची नळी लावली आहे. घरीच ठेवलंय, त्यांची तीच इच्छा. त्रास फार नाही, ते मी बघते, तेवढं मला येतं.

बाकीचं सगळं पुस्तक तपासून गेलं. एकच पान त्यांनी पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवून घेतलंय. खालचा अर्धा भाग कोरा आहे. दुपारी टपालवाल्याची वेळ झाली की दाराकडे बघतात. काल वीजबिल आलं, मी ते हातात घेऊन आत आले, तर त्यांच्या नजरेनं माझा हातच धरला. मला इतकं वाईट वाटलं की मी बिल त्यांना दाखवून म्हटलं, बघा, किती वाढवलंय.

प्रकाशक आता रोज येतात, पुस्तकाचं बोलत नाहीत. नुसते बसतात.

तुम्ही यावं असं म्हणत नाही, तुमचं कारण मला कळलं. पण लिहायचं असेल तर लिहा. मी शेजारी बसून वाचीन. ऐकू त्यांना नीट येतं.

लोभाचं काय लिहू.

आपली,
वहिनी


श्री
ता. १० फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

वहिनी, हे तू त्याला सावकाश वाचून दाखव. मध्ये थांबावंसं वाटलं तरी थांबू नकोस, मीही न थांबता लिहिणार आहे.

त्या दिवशी मी बाकावरून उठले तेव्हा शाळा सुटली होती. जिना चढताना मी कान दिला. तेव्हा मला ऐकू येत होतं. आत काही आवाज नव्हता. कुलूप काढलं, दार ढकललं, तर उघडेना. आईनं आतून कडी लावली होती. कडी लावायची असते हे तिला आठवत असेल असंसुद्धा मला वाटलं नव्हतं.

मी हाक मारली. तिनं दारापाशी येऊन कोण म्हणून विचारलं. म्हटलं, आई, मी, तुझी मुलगी. तर ती म्हणाली, ‘माझी मुलगी बाहेर गेलीय. ती येईपर्यंत मी दार कुणाला उघडणार नाही.’

मी माझं नाव सांगितलं, तुझं सांगितलं, बाबांचं सांगितलं. लहानपणी मला गोवर आला होता ते सांगितलं. ती रागावली नाही की घाबरली नाही. दर वेळी तेच, आणि किती नीट बोलत होती. दीड वर्षात ती इतकं सरळ वाक्य बोलली नव्हती. मी तिला कोंडून गेले असं मी समजत होते, धाकट्या, आणि ती तिकडे घर राखत होती. माझ्यासाठी.

अर्धा तास मी पायरीवर बसले. मग माझ्या मनात आलं ते मी केलं. दाराशी तोंड नेऊन म्हटलं, तुमच्या मुलीनंच मला पाठवलंय, तिला यायला उशीर होईल, तोवर तुमच्या सोबतीला बसायला सांगितलंय.

तेव्हा कडी निघाली.

तिनं मला ‘या’ म्हटलं. पदरानं खुर्ची पुसली. स्वतः आत जाऊन पाणी आणलं, अर्धं सांडलं, पण आणलं. मी प्यायले. मग ती माझ्याजवळ सरकली, तुला आठवतं ना, कुणाची रदबदली करायची असली की कशी सरकायची, आणि हळूच म्हणाली:

‘ती आली की उशीर झाला म्हणून बोलू नका हं तिला. दिवसभर राबते. कुठं घटकाभर बसली असेल, तर बसू दे.’

मी बरं म्हटलं.

आता राहिलेलं. त्या दिवसानंतर आई पाच महिने होती. त्या पाच महिन्यांत मी तिला मुलगी म्हणून पुन्हा दिसलेच नाही. मुलीनं पाठवलेली बाई, तीच मी राहिले. माझ्या हातून जेवायची, माझे आभार मानायची, आणि संध्याकाळ झाली की विचारायची, ती अजून कशी आली नाही? मी म्हणायची, येईल. गेली त्या दिवशीही तिनं विचारलं आणि मी तेच सांगितलं. म्हणून मी तुला कधी लिहिलं नाही. कुलूप लावल्याचं लिहिता आलं. हे आलं नाही.

कोऱ्या जागेत काय घालायचं ते तुला कळेल. मला कवितेतलं काय कळतं, मी आपली प्रत करणारी. हात चालत नसेल तर काही करू नकोस, आईचं बोलणं ती बोलली तसंच वहिनीला उतरवू दे, त्याला वजन कमी पडणार नाही. कुलूप तुझ्याच नावावर राहिलं तरी चालेल. कविता पुस्तकात जाऊ दे.

थोरल्याला मी आज सकाळी तार केल्यासारखा निरोप पाठवला आहे की महिनाअखेर नको, आत्ता ये. तो आला की त्याच दिवशी मी निघते. तोवर हे पत्र पुढे जाऊ दे. पोचायला तीन दिवस लागतात असं टपालकचेरीतली मुलगी म्हणाली. मी तिला दोनदा विचारलं.

सोबत माझ्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं एक कार्ड ठेवलंय. शब्द लिहू नकोस. पेन्सिल तुझ्या बोटांत धरवून वहिनीनं नुसती एक रेघ ओढून घेतली तरी मला कळेल की तू ऐकलंस. लोभ, राग, सगळं त्या रेघेत धरीन. कार्ड उलट टपाली पाठवा.

तुझी,
ताई